दमट बेट आणि गोठणारी नळी

सिंगापूर हे बेट विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम सव्वा अंशावर वसलेले आहे, आणि तेथील हवामानखात्याच्या दफ्तरी नोंदले गेलेले नीचांकी तापमान १९.० अंश सेल्सियस, तेही १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पाया लेबार येथे, एवढेच आहे. अशा मुलखात राहून, उणे तीस अंशांच्या कडाक्यात घराबाहेर काढलेली एखादी नळी आतून बर्फाने बुजते कशी आणि ती बुजू नये म्हणून कोणती तजवीज करावी, या प्रश्नाचा ऊहापोह करणे पुष्कळांना अप्रस्तुत वाटेल. परंतु सिंगापुरात काही वर्षे नोकरी करून पुढे कॅनडाची वाट धरणारी मराठी कुटुंबे आता नवलाईची राहिलेली नाहीत. कॅल्गरी, एडमंटन किंवा विनिपेग येथे ती तळघर असलेले घर विकत घेतात, आणि त्या तळघराच्या कोपऱ्यातून निघालेली प्लास्टिकची पांढरी नळी कशासाठी बसवली आहे, हे पुष्कळदा त्यांना घराच्या कागदपत्रांवर सह्या झाल्यानंतरच कळते. शिवाय त्या नळीत जे पाणी बर्फ होऊन बसते, ते ज्या नियमाने तेथे येते त्याच नियमाने सिंगापुरातील शयनगृहाच्या भिंतीवर टांगलेल्या एअरकॉनमध्ये रात्रभर येत असते, आणि प्रसंगी तेथेही गोठते. बर्फाचा हा मामला थंडीइतकाच, किंबहुना थंडीहून अधिक, बाष्पाचा आहे, हे एकदा नीट ध्यानात आले म्हणजे उपायांची दिशा आपोआप स्पष्ट होते, असे माझे निश्चित मत आहे.

ज्या वायूच्या बंदोबस्तासाठी ही नळी बसवतात तो रेडॉन. रंग, गंध आणि चव यांनी रहित असलेला हा निष्क्रिय वायू रेडियमपासून उत्पन्न होतो, हे फ्रीडरिख एर्न्स्ट डोर्न या जर्मन शास्त्रज्ञाने १९०० साली दाखवून दिले. खडकांत आणि मातीत सर्वत्र अल्पांशाने विखुरलेल्या युरेनियमचा कोट्यवधी वर्षे क्षय होत असता मध्यंतरी त्याचे रेडियम होते, रेडियमचा रेडॉन होतो, आणि या परंपरेतील बाकीचे सारे घटक घनरूप असल्यामुळे जागच्या जागी अडकून पडत असताना हा एकटा वायुरूप असल्यामुळे खडकाच्या भेगांतून आणि मातीच्या कणांमधील पोकळीतून निसटू शकतो. त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवसांचा, म्हणजे जमिनीतून घरात शिरण्यास पुरेसा आहे. श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतांशी तसाच बाहेर पडतो. खरा अपाय करतात ते त्याच्यापासून निपजणारे पोलोनियमसारखे घनरूप अणू, जे धूलिकणांना चिकटून फुप्फुसाच्या अस्तरावर बसतात आणि तेथील पेशींवर अल्फा कणांचा मारा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९८८ साली रेडॉनची गणना मनुष्यास निश्चितपणे कर्ककारक ठरलेल्या पदार्थांत केली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागतो, आणि ज्यांनी जन्मात विडी-सिगारेटला स्पर्श केला नाही त्यांच्या बाबतीत तो पहिला ठरतो. एका कॅनडातच दरवर्षी सुमारे ३,००० मृत्यू त्याच्या खाती मांडले जातात.

या वायूची मोजदाद बेकरेल या एककात करतात. एक बेकरेल म्हणजे दर सेकंदास एका अणूचा क्षय. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील हवेसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल ही संदर्भमर्यादा सुचवली, आणि जेथे ती पाळणे शक्य नसेल तेथेही ३०० च्या वर जाऊ नये असे सांगितले. कॅनडा सरकारची मर्यादा २०० ची आहे, अमेरिकेची १४८ ची.

घराघरांत हा वायू धोकादायक प्रमाणात साठू शकतो, याकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते एका विलक्षण घटनेमुळे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक येथे अणुवीजकेंद्राचे बांधकाम चालू होते. डिसेंबर १९८४ मध्ये तेथील स्टॅन्ली वॉट्रस नावाच्या अभियंत्याच्या अंगावर किरणोत्सर्गी द्रव्य असल्याचा इशारा केंद्रातील तपासणीयंत्र पुन्हा पुन्हा देऊ लागले. आश्चर्य असे की केंद्रातील वीजनिर्मिती अद्याप सुरूच झालेली नव्हती. अखेर शोधाअंती असे निष्पन्न झाले की हा गृहस्थ किरणोत्सर्ग कामावरून घरी नेत नसून घरून कामावर आणत होता. बॉयरटाउनजवळील त्याच्या घरात रेडॉनचे प्रमाण दर घनमीटरला सुमारे १ लाख बेकरेल, म्हणजे आजच्या अमेरिकन मर्यादेच्या सहाशे पटींहून अधिक, निघाले. घर नवे होते, नीटनेटके होते, आणि त्यात लहान मुले राहत होती. ही हकीकत वाचताना मला दर वेळी त्या मुलांचे स्मरण होते, कारण एरवी कोणत्याही इंद्रियाला न जाणवणारा हा धोका तपासणीयंत्राच्या त्या योगायोगाने उघड झाला नसता, तर त्यांचे बालपण त्याच हवेत गेले असते.

आता थंड मुलखातील घर हा वायू ओढून कसा घेते ते पाहू. हिवाळ्यात घरातली हवा तापवलेली, म्हणून हलकी असते. ती वर चढून माळ्याच्या फटींतून बाहेर जाते, आणि तिची जागा भरून काढण्यासाठी तळघराच्या फरसबंदीच्या चिरांतून जमिनीतील हवा आत येते. बाहेर जितकी थंडी अधिक तितका हा उपसा जोरकस, आणि नेमक्या त्याच दिवसांत दारे-खिडक्या बंद. त्यावरचा सर्वमान्य उपाय असा की तळघराच्या काँक्रीटला एक भोक पाडून त्यात बहुधा चार इंच व्यासाची नळी उतरवावी, तिच्यावर अहोरात्र चालणारा लहानसा पंखा बसवावा, आणि फरशीखालची हवा घरात शिरण्यापूर्वीच ओढून बाहेर सोडून द्यावी. फरशीखालचा दाब घरातील दाबापेक्षा किंचित कमी राहिला की प्रवाहाची दिशा उलटते, आणि उत्तम रीतीने बसवलेल्या व्यवस्थेने घरातील रेडॉन ९९ टक्क्यांपर्यंतही खाली आल्याची उदाहरणे आहेत.

सिंगापुरात अशी नळी सहसा दिसत नाही, आणि त्याचे कारण भूगर्भापेक्षा गृहरचनेत शोधावे लागते. कारण खडक म्हणाल तर तो या बेटावर ग्रॅनाइटचा आहे. मुख्य बेटाच्या मध्यभागी पसरलेला हा खडक बुकित तिमाह ग्रॅनाइट या नावाने ओळखला जातो; बुकित तिमाह ही सुमारे १६४ मीटरांची टेकडी, जी या देशातील सर्वोच्च जागा आहे, त्याचीच बनलेली आहे. शेजारच्या पुलाउ उबिन बेटावरील खाणींतून निघालेल्या ग्रॅनाइटने १८५१ साली उजळलेले हॉर्सबर्ग दीपगृह बांधले गेले आणि मलेशियातील जोहोरला जोडणाऱ्या सेतुमार्गाचा भरावही पडला. ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचा अंश आपल्या दख्खनच्या काळ्या बसाल्टपेक्षा सर्वसाधारणपणे कितीतरी अधिक असतो. तेव्हा पुणे-साताऱ्याच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या माणसाने सिंगापुरात या बाबतीत अधिक चिंता करावी, असे वरकरणी वाटेल. परंतु येथील बहुसंख्य लोक गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे १९६० साली स्थापन झालेल्या एचडीबीच्या, उत्तुंग इमारतींत राहतात, आणि त्या इमारतींचा तळमजला बहुधा पूर्ण मोकळा ठेवलेला असतो. या मोकळ्या जागेला व्हॉइड डेक म्हणतात. लग्ने तेथे लागतात, अंत्यदर्शने तेथे होतात, म्हातारी माणसे तेथे बुद्धिबळ खेळत बसतात; आणि जमिनीतून वर येणारा वायू चहूबाजूंच्या वाऱ्याने तेथल्या तेथे उधळून जातो, हा तिचा अनुक्त लाभ आहे. पूर्वीची मलय खेड्यांतील घरे लाकडी खांबांवर उचललेली असत, वसाहतकाळातील काळ्यापांढऱ्या बंगल्यांची जोतीही अशीच उंच आणि खालून वारा खेळती. माणसाने ओल आणि पूर यांच्यासाठी केलेली योजना नकळत एका अदृश्य वायूवरही उपयोगी पडली.

एवढ्यावरून मात्र निर्धास्त होऊ नये. जमिनीचा संबंध तुटला तरी काँक्रीटच्या भिंती आणि ग्रॅनाइटचे ओटे यांच्यातून थोडा रेडॉन येतच असतो, आणि तो सहसा गौण ठरतो तो खिडक्यांतून वाहत्या हवेमुळे. १९९७ च्या कायद्यान्वये पुढे बांधल्या गेलेल्या सिंगापुरातील घरांत जाड काँक्रीटच्या भिंतींची आणि पोलादी दाराची एक बिनखिडकीची संरक्षक खोली असते. मराठी गृहिणी तिचा उपयोग बहुधा कोठीघरासारखा करतात. अशा खोलीत कोणाला निजवू नये आणि तिचे दार दिवसातून काही काळ उघडे ठेवावे, हे सांगण्यास मोजमापांची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता बाष्पाकडे येऊ, कारण सारे मर्म तेथे आहे. हवेत पाण्याची वाफ किती सामावावी हे तापमानावर ठरते. हवा थंड होत गेली म्हणजे एका विशिष्ट तापमानाला ती संपृक्त होते, आणि त्याखाली जादा पाणी सोडून देते. हाच दवबिंदू. सिंगापूरच्या हवेचा दवबिंदू बाराही महिने २४ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे बाहेरच्या प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे २२ ग्रॅम पाणी आहे. एअरकॉन लावलेल्या, २५ अंशांच्या सुखकर खोलीत ते १४ ग्रॅमच्या आसपास असते. मधले ८ ग्रॅम कोठेतरी टाकावेच लागतात. आता कॅनडातील तळघराखालच्या मातीतली हवा घ्या: हिवाळ्यातही ती १० अंशांच्या जवळपास आणि जवळजवळ संपृक्त असते, म्हणजे तिच्यात दर घनमीटरला सुमारे ९ ग्रॅम पाणी आहे, ती उणे २० अंशांच्या हवेत नेली असता जेमतेम १ ग्रॅम धरू शकते. पुन्हा ८ ग्रॅमच. दोन अगदी भिन्न हवामानांत पाण्याचा हिशेब इतका सारखा निघावा, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते. रेडॉनचा पंखा तासाला ५० घनमीटर हवा ओढत असेल आणि ती सारी नळीतच थंड झाली, तर दिवसाकाठी जवळजवळ दहा लिटर पाणी नळीच्या अंगावर जमेल. रेडॉन स्वतः उणे ६२ अंशांपर्यंत वायुरूपच राहतो. तेव्हा नळीत गोठतो तो रेडॉन नव्हे, तर त्याच्या सोबतीने निघालेली मातीतली ओल.

सिंगापुरातील एअरकॉनमध्ये हे पाणी जेथे पडते ती तांब्याच्या नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची थंड जाळी साधारणतः शून्याच्या काही अंश वर राहील अशी योजलेली असते, म्हणून पाणी द्रवरूपाने खालच्या पन्हळीत पडून निचऱ्याच्या नळीने न्हाणीघराकडे वाहून जाते. परंतु गाळणीवर धूळ साचून खोलीतील उबदार हवा जाळीपर्यंत पुरेशी पोचेनाशी झाली, किंवा आतला शीतक वायू गळून त्याचा दाब उतरला, की जाळीचे तापमान शून्याखाली जाते आणि पाणी तेथेच हिमरूप धरू लागते. बर्फाने हवेची वाट अडते. हवा कमी झाली म्हणून जाळी आणखी थंड होते. आणखी थंड झाली म्हणून बर्फ वाढतो. हे स्वतःच स्वतःला पोसणारे अरिष्ट आहे. यंत्र चालू, विजेचे मीटर चालू, पण खोलीत वारा नाही. आणि यंत्र बंद केल्यावर तासाभराने बिछान्यावर पाण्याची धार, हा अनुभव येथील किती घरांत येतो! अशा वेळी चाकूने किंवा उलथन्याने बर्फ खरवडू नये, तांब्याची नळी फुटते. थंडावा बंद करून केवळ पंखा चालू ठेवावा आणि बर्फ आपोआप वितळू द्यावा. त्यानंतर गाळणी धुवावी. ‘गॅस संपला, भरून देतो’ असे कोणी सांगितल्यास गळती कोठे आहे हे आधी विचारावे, कारण शीतक वायू बंदिस्त चक्रात फिरतो, तो वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर तो कोठून तरी गेला आहे. येथे दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग आणि अधूनमधून केमिकल वॉश करून घेण्याची जी प्रथा आहे तिला अशा रीतीने भौतिकशास्त्राचा आधार आहे. निचऱ्याच्या नळीत शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो, तोही याच भेटीत काढला जातो, आणि पन्हळीत पाणी तुंबू न देणे हे डेंग्यूच्या डासांच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे.

शीत नळ्यांना येथे काळ्या स्पंजासारखे आवरण घालतात त्याचा हेतू पुष्कळांना अर्धाच ठाऊक असतो. थंडावा वाया जाऊ नये हा एक हेतू. दुसरा, आणि या बेटावर अधिक महत्त्वाचा, हा की बाहेरच्या दमट हवेला थंड पृष्ठभागाचा स्पर्शच होऊ नये. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा आवरण फाटलेल्या नळीला फुटतो, आणि मग छताच्या आत बुरशी धरते. मरिना बे भागात जमिनीखाली २००६ पासून सामुदायिक शीतकरणाचे केंद्र चालते. तेथून सुमारे ६ अंशांचे पाणी मोठमोठ्या नळांतून इमारतींना पुरवले जाते, आणि त्या साऱ्या नळांचे आवरण बाष्पाला अभेद्य ठेवणे हा तेथील स्थापत्याचा अत्यावश्यक भाग आहे. कॅनडातील रेडॉनच्या नळीला हेच आवरण उलट्या कारणासाठी घालावे लागते. तेथे ओल आत आहे आणि गारठा बाहेर. आतल्या हवेची ऊब नळीच्या मुखापर्यंत टिकवून धरावी, जेणेकरून तिचे पाणी वाटेत न पडता बाहेर मोकळ्यावर जाऊन पडेल, हा त्या आवरणाचा उद्देश.

रेडॉनची नळी गोठते ती बहुधा तीन ठिकाणी: न तापवलेल्या माळ्यावर, घराच्या बाहेरील भिंतीवरून वर नेलेल्या भागात, आणि अगदी टोकाशी, जेथे दहिवराचे कडे हळूहळू आतल्या बाजूस जाड होत जाते. एअरकॉनच्या जाळीत घडते तेच येथे घडते, म्हणजे वाट अरुंद झाली की हवा कमी, हवा कमी झाली की तिच्याबरोबर येणारी ऊब कमी, आणि ऊब कमी झाली की दहिवर अधिक. कधी टोकाचा बर्फ सुटून खाली पंख्यावर पडतो आणि पाती मोडतात. कधी पंख्याच्या पोटात साचलेले पाणी गोठून पंखाच जखडतो. म्हणून नळीचा मार्ग शक्य तितका घराच्या उबदार भागातून, कपाटाच्या किंवा जिन्याच्या आडोशाने न्यावा. माळ्यावरचा भाग जाड आवरणाने वेढावा. बाहेरच्या भिंतीवरून नेणे अपरिहार्य असेल तर तोही तसाच वेढावा. आडव्या भागास फरशीतल्या भोकाकडे उतार, दर फुटास अष्टमांश ते पाव इंच, असलाच पाहिजे आणि मध्ये कोठेही झोळ पडता कामा नये, कारण झोळात साचलेले पाणी न गोठताही हवेची वाट बंद करते. पाण्याला आल्या वाटेने मातीत परत जाऊ द्यावे, हे तत्त्व सांभाळले म्हणजे निम्मे काम झाले. पंखा उभ्या नळीवरच बसवावा, आणि वरून ओघळणारे पाणी त्याच्या अंगावर न पडता बाजूने खाली जावे म्हणून लहानशी वळणनळी जोडावी. मुखावर पावसाचे टोपण किंवा बारीक जाळी लावण्याचा मोह अनेकांना होतो; कडक थंडीच्या प्रदेशात तीच पहिल्यांदा बर्फाने बुजते, आणि थोडासा पाऊस आत गेला तरी उतार असल्यास तो मातीत मुरून जातो.

पंखा कोठे असावा, या बाबतीत अमेरिका आणि कॅनडा यांचे मत भिन्न आहे, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पंख्यापुढच्या नळीत हवा दाबाखाली असते. तेथे बारीकशी गळती झाली तरी गोळा केलेला रेडॉन थेट घरात पसरेल, म्हणून पंखा राहत्या भागात नसावा, तो माळ्यावर किंवा बाहेर असावा आणि नळी छपराच्या वर सोडावी, असा अमेरिकेतील दंडक. कॅनडातील जाणकारांनी मात्र पाहिले की उणे तीस अंशांत माळ्यावरचा पंखा आणि छपरावरची नळी हीच गोठण्याची प्रमुख स्थाने होत. तेव्हा त्यांनी पंखा तळघरातच, उबेत, ठेवण्याची आणि नळी भिंतीतून आडवी काढून जमिनीलगत हवा सोडण्याची पद्धत रूढ केली. बाहेर सोडलेला वायू मोकळ्या हवेत थोड्याच अंतरावर विरळ होऊन जातो, असे त्यांच्या तपासात आढळले. या पद्धतीत बाहेरची नळी वीतभरच असते, त्यामुळे गोठायला जागा राहत नाही. पण सांधे निर्दोष हवेत, गळतीस पूर्ण प्रतिबंध करणारा पंखाच हवा, मुख खिडक्यांपासून आणि हवा आत घेणाऱ्या झरोक्यांपासून दूर हवे, आणि ते साचणाऱ्या हिमाच्या थराहून उंच हवे. मुखातून पडणाऱ्या ओलीने खालच्या पायवाटेवर बर्फाचा गुळगुळीत थर धरतो, याचाही विचार करावा. माझे मत विचाराल तर जेथे हिवाळा आठवडेच्या आठवडे शून्याच्या खूप खाली राहतो तेथे कॅनडाचा मार्ग श्रेयस्कर; कारण निर्दोष सांधे करवून घेणे मनुष्याच्या हाती आहे, जानेवारीची थंडी नाही.

विजेने तापणारी तार नळीभोवती गुंडाळणे हा आणखी एक उपाय सांगतात. तो शेवटचाच समजावा, कारण प्लास्टिकच्या नळीला बेताबाहेरची उष्णता सोसत नाही आणि वीज गेली की तारही थंड. सिंगापुरात मात्र या तारेचा नित्य उपयोग होतो तो शीतगृहांत. गोठवलेल्या मांसामाशांच्या कोठारातील शीतयंत्रावरचे दहिवर ठरावीक वेळाने वितळवावे लागते, आणि ते पाणी उणे अठरा-वीस अंशांच्या खोलीतून बाहेर काढणाऱ्या निचऱ्याच्या नळीला अशी तार आणि वर आवरण नसेल तर पाणी दारापर्यंत पोचण्यापूर्वीच गोठते. नळीचा पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग म्हणूनच खोलीच्या बाहेर, उबेत ठेवतात. विषुववृत्ताजवळ राहून हे शास्त्र येथील लोक फार पूर्वीपासून शिकत आले आहेत. १८५४ साली व्हाम्पोआ या नावाने प्रसिद्ध असलेले व्यापारी हू आ के यांनी सिंगापूर नदीच्या काठी बर्फाचे गोदाम उघडले, तेव्हा अमेरिकेतील तळ्यांवरचा बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने समुद्रपार येत असे. तसलाच बर्फ १८३३ साली कलकत्त्यास पोचला होता आणि लवकरच मुंबईसही मिळू लागला. पुढे १९०३ मध्ये येथे कोल्ड स्टोरेज कंपनी स्थापन झाली आणि ऑस्ट्रेलियातील गोठवलेले मांस येऊ लागले. त्या कोठारांच्या रखवालदारांना दमट हवा दाराच्या फटीतून आत शिरून बर्फ कशी होते हे कोणत्याही ग्रंथाशिवाय ठाऊक झाले असेल.

या साऱ्यात मला सर्वांत अधिक काळजीची वाटणारी गोष्ट ही की एअरकॉन गोठला तर घामाने जीव कासावीस होऊन तासाभरात कळते, पण रेडॉनची नळी गोठली तर घरातील कोणालाही काही कळत नाही. पंख्याचा आवाज येत राहतो, दिवा जळत राहतो, आणि वायू मात्र घरात साचू लागतो. तेही नेमके त्या दिवसांत, जेव्हा खिडक्या बंद आहेत, घराचा उपसा सर्वांत जोरात आहे आणि मुले दिवसातील बहुतेक वेळ आतच आहेत. याचसाठी नळीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, रंगीत द्रव भरलेली एक पारदर्शक मापननळी लावलेली असते. तिच्या दोन बाजूंतील पातळ्यांचा फरक म्हणजे पंख्याच्या ओढीचे माप. बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी जो फरक दाखवला असेल त्याची खूण मापननळीवर करून ठेवावी. पातळ्या समान झाल्या किंवा फरक एकाएकी वाढला, तर पंखा थांबला आहे किंवा नळीत कोठेतरी अडथळा आहे असे समजावे. वीजबचतीच्या विचाराने हिवाळ्यात पंखा बंद ठेवणे हे दुहेरी घातक आहे, कारण वाहती हवाच नळीला उबदार राखते आणि थांबलेल्या पंख्यात ओल गोठून तो पुन्हा सुरूच होत नाही. मुखाशी दहिवराचे कडे दाटलेले दिसल्यास हातोडीने ठोकू नये; थंडीत ठिसूळ झालेले प्लास्टिक तडकते आणि सुटलेला बर्फ पंख्यावर पडतो. बसवणाऱ्या कारागिरास बोलवावे आणि कारण मुळातून दूर करवून घ्यावे, नाही तर पुढच्या लाटेत तेच घडते.

सिंगापूरहून किंवा थेट मुंबई-पुण्याहून थंड मुलखात घर करणाऱ्यांनी यातील दोन कामे तरी टाळू नयेत. घर घेताच, शक्य तर थंडीच्या हंगामात, निदान तीन महिने हवेतील रेडॉन मोजून घ्यावा. त्यासाठी लहानशी स्वस्त मापनपेटी मिळते, ती सर्वांत खालच्या राहत्या मजल्यावर, खिडकी, पंखा आणि बाहेरची भिंत यांपासून दूर, श्वासाच्या उंचीवर ठेवायची आणि मुदत संपल्यावर प्रयोगशाळेकडे पाठवायची असते. नळी बसवल्यानंतर हेच मोजमाप पुन्हा करावे, आणि तेही उन्हाळ्यात करून समाधान मानू नये, कारण उन्हाळ्यात प्रत्येक नळी चालतेच. कारागिराशी करार करताना नळी कोठून जाणार, माळ्यावर किती लांबीचे आवरण घालणार, उतार किती देणार आणि पहिल्या हिवाळ्यात ती गोठल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चाने होणार, हे चार प्रश्न आधी विचारून त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत.